जिन्याखालची जागा

काळ्या कोटावर इस्त्री कधी थेट ठेवायची नाही. ठेवली की कोट चमकायला लागतो, आणि एकदा चमकलेला कोट परत काळा होत नाही. मध्ये मलमलचं ओलं फडकं घालायचं, वरून दाबायचं, उचलायचं, पुन्हा दाबायचं. घासायचं नाही. खरं तर एवढंच लिहून मी थांबणार होतो, कारण मला येतं ते एवढंच. पण या अंकाचे संपादक आमच्या वर्तकनगरातच राहतात, त्यांचे झब्बे माझ्याकडे असतात. ते म्हणाले, "कोटाचं लिहा, पण कोट कोणाचे होते तेही लिहा." म्हणून बसलोय. माझी शाळा सातवीत सुटली. काही वेडंवाकडं झालं तर सांभाळून घ्या.

कोट होते कायद्याच्या पोरांचे. राष्ट्रीय विधी विद्यापीठ म्हणतात ते. कोणतं, कुठलं, ते लिहीत नाही, कारण तिथली माणसं माझ्याशी कधी वाईट वागली नाहीत आणि माझ्यामुळे कोणाचं नाव निघावं असं मला वाटत नाही. माजिवड्याच्या पुढे एक हॉटेल होतं, धंद्यासाठी आलेले लोक उतरायचे तसलं. त्या हॉटेलच्या मागच्या जिन्याखाली मी इस्त्रीला बसायचो. हॉटेल बंद पडलं, वर्षभर नुसते कबुतरांचे संसार चालले, आणि मग एक दिवस विद्यापीठाने इमारत भाड्याने घेतली. सगळं सामान गेलं, मी राहिलो. कोणी ऊठ म्हणालं नाही, कोणी बस म्हणालं नाही. म्हणजे तसं पाहिलं तर त्या विद्यापीठात सगळ्यात जुना माणूस मीच.

सुरुवातीला मला ते विद्यापीठ वाटायचंच नाही. जिथे लग्नाच्या पार्ट्या व्हायच्या त्या हॉलमध्ये लाकडी कठडा लावून कोर्ट केलं होतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात मेस. वरच्या खोल्यांत वसतिगृह. आणि जिथे दारूचा काउंटर होता तिथे ग्रंथालयाची देवघेव. वकिलांच्या संघटनेलाही बार म्हणतात ना, त्यावरून पोरं म्हणायची, "काका, बाकी काही नसलं तरी आपल्याकडे बार पहिल्यापासून होता!" स्वतःची जमीन मिळाली आहे, तिथे पाटी लागली आहे, पुढच्या वर्षी तिकडे जाणार, हे मी दरवर्षी ऐकायचो. पाटीचा फोटोही पाहिलेला. पाटी छान होती.

बाहेरच्या माणसाला या विद्यापीठाचं कसं सांगायचं? साधं कायद्याचं कॉलेज असतं ना, पदवी झाली की तीन वर्षं जायचं, तसं हे नाही. बारावी झाली की देशभराची एक परीक्षा असते, ती देऊन पोरं येतात आणि पाच वर्षं तिथेच राहतात. आसामची, केरळची, पाटण्याची, आपल्या नागपूर-लातूरची. नावात राष्ट्रीय आहे, पण ते उघडलंय राज्याच्या कायद्याने, असं मला पोरांनीच सांगितलं. वर कुलपती म्हणून एक मोठे न्यायाधीश असतात. ते यायचे असले की आधी जिना धुतला जायचा, तेव्हा मला कळायचं. शिकवणं, भांडणं, अभ्यास, सगळं इंग्रजीत. फक्त भूक आणि शिव्या आपापल्या भाषेत.

माझं पंचांग कपड्यांचं. नवीन पोरं आली की आईने करून दिलेल्या घड्या मोडलेल्या नसायच्या, त्यांना इस्त्री लागायचीच नाही. मग खोटी कोर्टं सुरू व्हायची, त्याला ते मूट म्हणतात. एक बनावट खटला देतात, दोन बाजू करतात, आणि खरे वकील न्यायाधीश होऊन बसतात. त्या दिवसांत काळे कोट, पांढरे शर्ट आणि गळ्यातले बँड. बँड म्हणजे पांढऱ्या कापडाच्या दोन जिभा. त्यांना खळ कमी पडली तर लोंबतात, जास्त झाली तर वाऱ्यावर उभ्या राहतात. मग सुट्टीत पोरं मोठ्या वकिलांकडे नाहीतर कंपन्यांत काम शिकायला जायची, तेव्हा निळे शर्ट. आणि शेवटच्या वर्षाला नोकऱ्या द्यायला कंपन्या यायच्या, तेव्हा टाय. मला आधी वाटायचं, इथून सगळे वकीलच निघतात. तसं नाही. बरेचजण कंपन्यांत जातात, कोर्टाची पायरी चढतही नाहीत. कोट मग कोणाला तरी देऊन टाकतात. एक कोट तर माझ्याकडून चार वर्षं गेला, दरवर्षी वेगळ्या मुलाच्या अंगावर. बाही कधी टाचलेली, कधी सोडलेली.

कामगार कायदा शिकवणारे एक सर होते. फार सज्जन. रविवारी दुपारी यायचे, शर्ट पुढे करायचे आणि म्हणायचे, "जरा अर्जंट आहे हो." त्यांचा शर्ट नेहमी रविवारीच अर्जंट असायचा. मी कधी काही बोललो नाही. बोलणार काय?

पाटण्याचा सौरभ नावाचा मुलगा होता. मूटच्या आधी कोट घेऊन यायचा आणि कोट होईपर्यंत माझ्यासमोर उभा राहून सगळं भाषण म्हणायचा. "काका, आप जज हैं. बीच में टोकिए." मला त्यातलं काही कळायचं नाही. मग मी मध्येच म्हणायचो, "थांबा. हात वर करा." तो घाबरून हात वर करायचा आणि मी त्याच्या अंगातल्या शर्टाची बाही पाहायचो, ती चुरगळलेली असायची. एकदा म्हणाला, "काका, असली जज भी ऐसे ही टोकते हैं. बात कुछ और, पूछते कुछ और." तो मुलगा हरला तरी हसायचा. मला आवडायचा.

आणि जुई. डोंबिवलीची, घरी आई शिक्षिका. तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाचं मी सांगतोय. विद्यापीठात कायदा मदत केंद्र असतं, गरिबांना फुकट सल्ला द्यायचा, तिकडे ती असायची. शनिवारी पोरं कल्याणच्या पुढच्या वस्त्यांत जायची, तिथल्या बायकांशी बोलायला त्यांच्यात मराठीची तीच. ती मला म्हणायची, "काका, तुम्ही मराठवाड्यातले ना? मग 'करालालो, जालालो' का नाही म्हणत?" मी देगलूरच्या बाजूचा. म्हटलं, "अगं, उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात सगळे हसलेले. तेव्हापासून जपून बोलतो." खरंच आहे ते. मामाने मला विठ्ठलवाडीला आणलं, तिथून चालत जीन्सच्या कारखान्यात, दिवसभर पँटी दाबायच्या. नदीवर वडील कपडे आपटायचे, मी इथे दाबतोय, एवढाच फरक. भीती मात्र तेव्हा जी अंगात शिरली ती राहिली. कोणी मोठ्याने हाक मारली तरी मला वाटतं, आता जा म्हणतील.

तर एक दिवस म्हणाले.

विद्यापीठाने ठरवलं की वसतिगृहाच्या पोरांचे कपडे एका कंपनीकडे द्यायचे. मशीनवर धुणं, मशीनवर इस्त्री, सगळं फीमध्येच. आणि कंपनीला कपडे गोळा करायला जिन्याखालचीच जागा पाहिजे होती, कारण मागचं फाटक तिथे आहे. सुरक्षेचा माणूस येऊन म्हणाला, "काका, ऑफिसातून निरोप आहे, महिनाअखेर जागा मोकळी करा." वाईट वाटत होतं त्यालाही. मी म्हटलं, "बरं." घरी गेलो, मंगलला सांगितलं. तिने पोळी तव्यावरच ठेवली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही बरं म्हणून आलात?"

"मग काय म्हणू?"

"काहीतरी म्हणायचं होतं. इतकी वर्षं तिथे उभे राहून पाय गेले तुमचे. या वयात नवीन गिऱ्हाईक कुठून आणणार? मुलीचं नर्सिंगचं अर्ध्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी जुईला कळलं. मी सांगितलं नव्हतं. ती, सौरभ आणि अजून पाच-सहाजण जिन्यावर येऊन बसले, पुस्तकं घेऊन. मी खाली, ते वर, आणि माझ्या डोक्यावर माझ्याच जागेचा कायदा चाललेला.

जुई म्हणाली, "काका, नीट ऐका. परवानगीने बसलेल्या माणसाला कधीही उठवता येतं. हक्काने बसलेल्याला कारण द्यावं लागतं, पर्याय द्यावा लागतो. तुम्ही कोणाच्या परवानगीने बसलात?"

"हॉटेलच्या मॅनेजरने—"

"तो गेला. त्याच्यानंतर?"

"कोणीच काही म्हणालं नाही."

"तेच! विद्यापीठ यायच्या आधीपासून तुम्ही इथे आहात. ते भाडेकरू आहेत, तुम्ही त्यांच्याही आधीचे." बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "पोरी, ते सगळं ठीक, पण साहेबांना राग आला तर?" ती म्हणाली, "राग येऊ दे ना. रागाला कायद्यात किंमत नसते."

पोरांनी निवेदन दिलं, आणि त्यावर सगळ्या वसतिगृहाच्या सह्या आल्या. माझं म्हणणं ऐकल्याशिवाय मला काढता येणार नाही, हे त्यांनीच वर्गात शिकलेलं, तेच त्यांनी ऑफिसला ऐकवलं. ऑफिसनेही मानलं. मला सुनावणीची वेळ दिली.

मग माझी तालीम. मूटच्याच हॉलमध्ये. सौरभ रजिस्ट्रार साहेब झाला, टेबलामागे बसला.

"बोलिए, क्या कहना है आपको?"

मी हात जोडले. "साहेब, तुमच्या मेहेरबानीने इतकी वर्षं—"

"नहीं, काका! मेहेरबानी नहीं!"

जुई म्हणाली, "काका, हा शब्द आजपासून बंद. मेहेरबानी, कृपा, आसरा, काहीही नको. मेहेरबानी म्हटलं की परवानगी आली. परवानगी म्हटलं की केस गेली. तुम्ही म्हणायचं, मी इथे काम करतोय, हा माझा व्यवसाय आहे, मला इथे बसण्याचा हक्क आहे."

"हक्क आहे."

"मोठ्याने."

"हक्क आहे!"

तो शब्द तोंडात नवीन चपलेसारखा लागत होता. मी पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेहेरबानी आलीच. शेवटी पोरांनी ठरवलं, जितक्या वेळा मेहेरबानी, तितके शर्ट फुकट. त्या दिवशी मला सौरभचे सगळे शर्ट फुकट करून द्यावे लागले. सगळे हसून लोळले, मीही हसलो. संध्याकाळपर्यंत मात्र शब्द सुटला. जुई म्हणाली, "आता कोणी काहीही विचारू दे."

इथे रजिस्ट्रार साहेबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विद्यापीठाचा सगळा कारभार पाहतात ते रजिस्ट्रार. हे साहेब निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्याच्या आदल्या वर्षी पदवीदानाच्या सकाळी झगे भाड्याने आलेले, गाठोड्यात बांधून, सगळे चुरगळलेले. मी घाईत होतो, इस्त्रीची वायर जुनी, ती तुटली आणि इस्त्री मनगटावर आली. कातडी निघाली. साहेब जिन्यावरून उतरत होते, न्यायाधीशांना घ्यायला जायचं होतं त्यांना. त्यांनी ती गाडी थांबवली, मला त्यात बसवलं आणि दवाखान्यात पाठवलं. स्वतः दुसऱ्याच्या गाडीने गेले. संध्याकाळी येऊन विचारलं, "दुखतंय का अजून?" एवढंच. मी हे जुईला सांगितलं नव्हतं. केसशी त्याचा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही.

सुनावणीला जुई माझ्यासोबत आत आली, सौरभ दाराबाहेर. आत रजिस्ट्रार साहेब, एक प्राध्यापक बाई आणि एक लिहून घेणारे. मी उभा राहिलो.

साहेब म्हणाले, "बसा." मी बसलो नाही. "बसा हो." बसलो. त्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. मनगटाकडे पाहिलं. "बरं झालं का हे?"

"झालं, साहेब."

"मुलगी काय करते?"

"नर्सिंग, साहेब."

"छान. मग, तुमचं म्हणणं सांगा."

मी सांगितलं. सगळं पाठ होतं. मी इथे काम करतो, हा माझा व्यवसाय आहे, मला इथे बसण्याचा हक्क आहे. शब्द बरोबर आले. जुईने टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे झकास. प्राध्यापक बाई पण मान हलवत होत्या.

मग साहेब म्हणाले, "इतकी वर्षं इथे बसता. कोणी त्रास दिला का कधी तुम्हाला? कर्मचाऱ्यांनी, सुरक्षारक्षकांनी?"

मी म्हटलं, "छे छे. तुमच्या मेहेरबानीने कधीच काही त्रास झाला नाही, साहेब."

आता लिहितानाही माझा हात थांबला. तो शब्द मी बोललो नाही, तो आला. ज्याने पाणी दिलंय, हात पाहिलाय, मुलीची चौकशी केलीय, त्याने विचारल्यावर आपल्याकडे दुसरं काय म्हणतात? लिहिणारे लिहीत होते. जुईने डोळे मिटले.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे विद्यापीठाच्या मेहेरबानीने तुम्ही तिथे बसत होतात. असं लिहून घेऊ का?"

जुई म्हणाली, "सर, ते तसं नाही म्हणाले. ही बोलण्याची पद्धत आहे."

"मी त्यांना विचारतोय. तुम्ही सांगा. विद्यापीठाची मेहेरबानी होती, की नव्हती?"

बघा, इथे मी नाही म्हणायला पाहिजे होतं. एवढंच काम होतं, आणि तेवढ्यासाठीच आम्ही तालीम केलेली. पण समोर तो माणूस होता. त्याच्या तोंडावर, त्याच्याच खोलीत बसून, "तुमची काही मेहेरबानी नव्हती" असं कसं म्हणायचं? ते खोटंही झालं असतं आणि उद्धटपणाही. मंगल मागाहून म्हणाली, खोटं नाही झालं, खरंच झालं असतं. ती म्हणते ते बरोबर असेल. मी म्हटलं, "होती, साहेब."

साहेब मला फसवत होते का, की त्यांना खरंच स्पष्ट करून हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. खूप विचार केला. कधी असं वाटतं, कधी तसं. त्यांचा चेहरा काही आनंदी नव्हता एवढं आठवतं.

बाहेर सौरभने विचारलं, "जीत गए?" जुई तशीच पुढे गेली. ती जिन्यावर बसली आणि मग एकदम म्हणाली, "काका, तुम्ही 'होती' का म्हणालात? मी तिथे होते ना? गप्प बसायचं होतं! मी सांभाळलं असतं!" तिचा आवाज फुटला. मी तिला पाणी आणून दिलं. ती म्हणाली, "पाणी नको मला. पाण्यानेच घात केला."

त्यावर सौरभ हसला, मग मी हसलो, आणि मग ती रडता रडता हसली.

निकाल आला, जागा सोडायची, फक्त सत्राच्या शेवटापर्यंत मुदत. तेवढी मुदत पोरांमुळे मिळाली हे मी विसरणार नाही. जिन्याखाली कंपनीची निळी पिंपं लागली. मशीनच्या इस्त्रीने काळे कोट चमकायला लागले, पण पोरं म्हणाली, चमकतात ते बरं दिसतं. कंपनीच्या गिऱ्हाइकांत तीच पोरं होती ज्यांनी सह्या केलेल्या. त्यांचाही इलाज नव्हता. फीमध्येच होतं ना.

मी वर्तकनगरला एका सोसायटीच्या भिंतीला लागून टेबल टाकलं. वर पत्रा, खाली चार विटा. इथे कोट येत नाहीत, कॉटनच्या साड्या येतात आणि निवृत्त लोकांचे पायजमे. पाय आता दुपारनंतर ऐकत नाहीत. मुलीचं शिक्षण झालं, ती कल्याणला नोकरीला आहे. सौरभ दिल्लीला कुठल्याशा कंपनीत आहे. जुई मात्र कंपनीत गेली नाही. कल्याणच्या कोर्टात उभी राहते. मधून कोट घेऊन येते, मुद्दाम इतक्या लांब. परवा आलेली तेव्हा म्हणाली, "काका, प्रत्येक पक्षकाराला मी आधी एकच सांगते, मेहेरबानी म्हणू नका. आणि प्रत्येकजण आत जाऊन तेच म्हणतो. दिराच्या मेहेरबानीने राहते, मालकाच्या कृपेने बसतो. एकदा तर जजसाहेबांना म्हणाली बाई, तुमच्या आशीर्वादाने केस चाललीय."

"मग जजसाहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार. पुढची तारीख."

मी कोटावर फडकं टाकलं. ती बसून राहिली. थकलेली दिसत होती, तिच्या वयाला शोभत नाही इतकी.

आमच्या सोसायटीला गेल्या महिन्यात नवे सेक्रेटरी आले. बँकेतून निवृत्त झालेले, कडक. हातात पँट घेऊन आले, टेबलाकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही इथे कोणाच्या परवानगीने बसता हो?"

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. मागच्या दोन्ही सेक्रेटरींना मी तोच दिलेला. जुईचा 'हक्क'ही आठवला, पण तो माझ्या तोंडाला बसत नाही, कितीही तालीम केली तरी. मी इस्त्री टेकवून ठेवली.

"बसतो, साहेब," मी म्हटलं.

ते वाट पाहत राहिले, मी अजून काही म्हणेन म्हणून. मी म्हटलं नाही. शेवटी त्यांनी पँट टेबलावर ठेवली.

"क्रीज नीट पाडा," म्हणाले, आणि गेले.